डीझेल गाडींतील तांबडा दिवा

नाशिककडून मुंबईस निघालेली एक छोटी मालमोटार रात्रीं अकराच्या सुमारास घोटीजवळ आली आहे, अशी कल्पना करावी. पाठीमागें टमाट्यांचीं खोकीं भरलेलीं आहेत. पहांटेच्या आंत तीं वाशीच्या बाजारांत पोंचलीं नाहींत, तर मालाचा भाव उतरणार, हें चालकास ठाऊक आहे. एंजिन नेहमींसारखें चाललें आहे, पुढचे दिवे लखलखीत आहेत, आणि अशा वेळीं चालकासमोरील फळीवर, म्हणजे डॅशबोर्डवर, बॅटरीच्या चित्राचा एक लहानसा तांबडा दिवा लागतो. शेजारीं बसलेला क्लीनर म्हणतो, "उस्ताद, दिवा लागलाय." उस्ताद उत्तर देतो, "असूं दे रे. गाडी पळतेय ना? दिव्याचीच कांहीं तरी खोड असेल. मुंबईला गेल्यावर बघूं." पुढें इगतपुरी आहे, आणि इगतपुरीच्या पुढें कसाऱ्याचा घाट.

उस्तादाचें बोलणें अगदींच अविचाराचें आहे असें म्हणतां येणार नाहीं. इशारा देणारे दिवे कधीं कधीं खोटें बोलतात, ही गोष्ट खरी आहे. एखादी तार घांसून उघडी पडते, एखादें टोक गंजतें, एखादा बल्ब जळून जातो. मग गाडींत कांहींहि बिघाड नसतां दिवा लागतो, किंवा बिघाड असतांहि तो लागत नाहीं. परंतु दिवा खोटा आहे कीं गाडी दुखावली आहे, हा प्रश्न चालत्या गाडींत केवळ अंदाजानें सुटणारा नव्हे. त्याच्या निर्णयाची एक सरळ आणि स्वस्त रीत आहे. ती ठाऊक नसल्यामुळें दोन प्रकारचे लोक दोन प्रकारें फसतात. एक जण दिव्यावर बॅटरीचें चित्र पाहून तडक नवी बॅटरी विकत आणतो. दुखणें दुसरीकडेच असल्यामुळें तीहि लवकरच रिकामी होते, आणि रोग म्हशीला व औषध पखालीला, या म्हणीचा त्याला अनुभव येतो. दुसरा त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून, किंवा बल्बच काढून टाकून मोकळा होतो. कोंबडें झांकून ठेवल्यानें तांबडें फुटायचें राहत नाहीं, हें त्याला पुढें केव्हां तरी भर रस्त्यांत कळतें.

या दिव्याचा अर्थ समजण्यासाठीं डीझेल एंजिनाचा एक स्वभावविशेष आधीं ध्यानांत घेतला पाहिजे. पेट्रोलच्या एंजिनांत इंधन पेटविण्यास विजेची ठिणगी लागते. जर्मन एंजिनिअर रुडॉल्फ डीझेल यानें १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें जें एंजिन यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें, त्यांत ठिणगीला स्थानच नव्हतें. सिलिंडरांतील हवा इतकी दाबावयाची कीं ती दाबानेंच अतिशय तापावी, आणि त्या तापलेल्या हवेंत इंधनाचा फवारा सोडतांच तें आपोआप पेटावें, हें त्याचें तत्त्व होय. जुन्या पद्धतीच्या डीझेल गाड्यांत हा फवारा सोडणारा पंपहि एंजिनाच्याच जोरावर फिरतो. इंधन तोडणारी कळसुद्धां जेथें यांत्रिकच असते, तेथें एकदां सुरू झालेलें एंजिन विजेवांचून चालत राहतें. पेट्रोलची गाडी वीज आटली म्हणजे आचके देऊं लागते. ती आपण होऊन तक्रार करते. जुनी डीझेल गाडी मात्र मुकाट्यानें पळत राहते, आणि बॅटरींत शिल्लक असेपर्यंत तिचे दिवेहि उजेड देतात. म्हणून 'गाडी पळते आहे' हा उस्तादाचा पुरावा येथें पुरावाच ठरत नाहीं.

गाडीची वीज निर्माण करणारें यंत्र म्हणजे आल्टरनेटर. तें एंजिनाच्या एका अंगास बसविलेलें असून रबरी पट्ट्यानें फिरतें. गाडीचे दिवे, भोंगा, वायपर यांना तें वीज पुरवितें आणि उरलेली बॅटरींत भरतें. तांबडा दिवा पेटला याचा साधा अर्थ इतकाच कीं, हें भरण्याचें काम थांबलेलें दिसतें. परंतु तें कां थांबलें? पट्टा तुटला असेल, तर प्रश्न केवळ विजेचा राहत नाहीं. अनेक एंजिनांत त्याच पट्ट्यावर पाणी खेळविणारा पंपहि फिरत असतो. पट्टा गेला कीं पाण्याचें अभिसरण थांबतें आणि एंजिन थोड्याच वेळांत अतोनात तापतें. दुसरी गोष्ट याहूनहि गंभीर आहे. पेट्रोल एंजिनांत आंत येणारी हवा एका झडपेनें आवळलेली असते, त्यामुळें तेथें निर्वात ओढ उत्पन्न होते, आणि तीच ओढ ब्रेक दाबतांना चालकाच्या पायाला मदत करते. डीझेल एंजिनांत हवा अशी आवळलेली नसल्यामुळें ती ओढ फुकट मिळत नाहीं. तिच्यासाठीं निराळा पंप बसवावा लागतो, आणि कांहीं डीझेल गाड्यांत हा पंप आल्टरनेटरच्याच पाठीवर, त्याच दांड्यावर बसविलेला असतो.

अशा गाडींत पट्टा तुटला म्हणजे वीज, पाणी आणि ब्रेकची मदत, या तिन्ही गोष्टी एकदम जातात. सांठलेल्या ओढीवर ब्रेक दोन-चार वेळां नेहमींसारखा लागतो. त्यानंतर पायाखालचें पेडल दगडासारखें कठीण होतें. ब्रेक नाहींसा होत नाहीं, परंतु त्यासाठीं पायानें कितीतरी अधिक जोर द्यावा लागतो. हें सपाट रस्त्यावर कळलें तर सुदैव. कसाऱ्याच्या उतारावर, भरल्या गाडींत, रात्रीं कळलें तर काय होईल हें सांगावयास नको. बॅटरीचें चित्र असलेला दिवा हा केवळ बॅटरीचा दिवा नव्हे, हें यावरून स्पष्ट होईल.

हा दिवा पेटतो आणि विझतो तो कसा, हें पाहिलें म्हणजे त्याची परीक्षा करणें सोपें जातें. जुन्या रचनेच्या गाडींत या बल्बाचें एक टोक किल्लीच्या मार्गानें बॅटरीशीं जोडलेलें असतें, व दुसरें एका बारीक तारेनें आल्टरनेटरशीं. दोन हौद एका नळीनें जोडले आणि एकांतील पाण्याची पातळी उंच व दुसऱ्यांतील खालीं असली, तर नळींतून पाणी वाहतें. दोन्ही पातळ्या सारख्या झाल्या कीं प्रवाह थांबतो. येथेंहि तसेंच आहे. किल्ली फिरविली पण एंजिन सुरू झालें नाहीं, तेव्हां बॅटरीकडे विजेचा दाब असतो आणि आल्टरनेटरकडे नसतो. म्हणून बल्बांतून प्रवाह वाहतो व तो पेटतो. आल्टरनेटर फिरूं लागला कीं त्याच्याकडील दाब बॅटरीच्या बरोबरीस येतो, बल्बांतील प्रवाह थांबतो आणि दिवा विझतो.

यांत आणखी एक मौज आहे. बल्बांतून आल्टरनेटरकडे जाणारा तो अल्प प्रवाह वायां जात नाहीं. आल्टरनेटरच्या फिरत्या भागांतील वेटोळ्याला चुंबकत्व आल्यावांचून वीज उत्पन्न होत नाहीं, आणि तें पहिलें चुंबकत्व हाच प्रवाह देतो. दोन-तीन वॅटचा हा बल्ब अशा रीतीनें साक्षीदारहि आहे आणि कामकरीहि आहे. तो जळला, तर कित्येक आल्टरनेटर कमी वेगावर जागेच होत नाहींत. एंजिन जोरानें फिरविल्यास अंगीं उरलेल्या किंचित् चुंबकत्वावर ते कदाचित् जागे होतात. दिव्याची कटकट नको म्हणून बल्ब काढणारा मनुष्य निरोगी यंत्रालाहि याप्रमाणें आजारी पाडतो.

यावरून पहिला नियम निघतो, आणि तो रोजचा आहे. सकाळीं किल्ली फिरविल्यावर, एंजिन सुरू करण्यापूर्वीं, हा दिवा लागलाच पाहिजे; आणि एंजिन सुरू झाल्यावर तो विझलाच पाहिजे. किल्ली फिरवूनहि न लागणारा दिवा हा शुभशकुन नव्हे. रात्रीं हांक न देणारा पहारेकरी जागा आहे कीं झोंपला आहे, हें हांक मारून पाहिल्यावांचून कळत नाहीं. किल्ली फिरवून दिव्याकडे पाहणें ही ती हांक होय.

आतां दिवा चालत्या गाडींत लागला तर काय करावें? प्रथम तो खरें बोलतो आहे असेंच समजावें. उष्णता दाखविणाऱ्या कांट्याकडे एक नजर टाकावी, आणि पहिली सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवावी. एंजिन बंद करून, हातब्रेक ओढून, झांकण उघडावें आणि सर्वांत आधीं पट्टा पहावा. तो तुटला असेल तर निदान तेथेंच संपलें. नवा पट्टा घातल्यावांचून पुढें जातां कामा नये. एंजिन तापलें असल्यास रेडिएटरचें टोपण उघडण्याची घाई करूं नये. आंतील उकळतें पाणी अंगावर उसळतें. पट्टा जागेवर असेल तर मध्यभागीं अंगठ्यानें दाबून पहावा. साध्या पाचरी पट्ट्याच्या बाबतींत तो सुमारें एक सेंटिमीटर दबला तर ठीक. त्याहून पुष्कळ अधिक दबत असेल, किंवा त्यावर तेल सांडून तो चकचकीत झाला असेल, तर तो घसरत आहे असें समजावें. असा पट्टा पुढचे दिवे लावतांच किंचाळतो. ही सर्व पाहणी एंजिन बंद असतांनाच करावयाची. फिरत्या पट्ट्याजवळ बोट, सदऱ्याची बाही किंवा गळ्यांतील उपरणें नेणाऱ्यांचे अपघात झालेले आहेत.

पट्टा शाबूत आणि ताठ असेल, तर पुढची चौकशी दिव्याकडे न करतां बॅटरीकडेच करावी. त्यासाठीं मल्टिमीटर नांवाचें लहान उपकरण पुरे. बारा व्होल्टांच्या गाडींत, कांहीं तास स्वस्थ राहिलेल्या व पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारें १२.६ व्होल्ट असतो, १२.२ च्या आसपास ती निम्मी उतरलेली असते. एंजिन चालू असतांना तोच दाब साधारणतः १३.८ ते १४.५ व्होल्टांपर्यंत चढावयास हवा. चोवीस व्होल्टांच्या मोठ्या मालमोटारींत हे आंकडे दुप्पट धरावे. दिवा आणि मीटर यांच्या जबान्या जुळवून पाहिल्या म्हणजे चार प्रकार संभवतात. दिवा विझलेला आणि दाब चढलेला, तर सर्व क्षेम आहे. दिवा पेटलेला आणि दाब साडेबाराच्या खालीं उतरत चाललेला, तर दिवा खरा असून वीज भरली जात नाहीं. दिवा पेटलेला पण दाब चौदाच्या घरांत, तर दिव्याच्या तारेविषयीं किंवा आल्टरनेटरच्या आंतील सूक्ष्म भागांविषयीं संशय घ्यावा. दिवा विझलेला आणि दाब मात्र उतरता, हा चौथा प्रकार सर्वांत वाईट. कारण तेथें साक्षीदारच मुका झालेला आहे. एखादे वेळीं दाब पंधराच्याहि वर जातो. तेव्हां दाब आवरणारा नियंत्रक बिघडलेला असतो आणि बॅटरी शिजून निघते. हें दुखणें निराळें, पण दुर्लक्ष करण्यासारखें नव्हे.

यानंतर साक्षीदाराची उलटतपासणी. गाडीच्या लोखंडी सांगाड्याचाच विजेच्या परतीची वाट म्हणून उपयोग केलेला असतो. मिस्त्री लोक त्याला 'अर्थ' म्हणतात. एंजिन बंद ठेवून किल्ली फिरवावी, म्हणजे दिवा लागेल. मग आल्टरनेटरवरील ती बारीक तार काढावी. दिवा विझला पाहिजे. तार काढूनहि तो पेटलेलाच राहिला, तर ती तार वाटेंत कोठें तरी घांसून सांगाड्याला टेंकली आहे. गाडी निर्दोष असतांहि दिवा त्यामुळें खोटें बोलत होता. किल्ली फिरवूनहि दिवा लागतच नसेल, तर उलट प्रयोग करावा. काढलेल्या तारेचें टोक एंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला टेंकवावें. दिवा लागला, तर बल्ब व तार ठीक असून दोष आल्टरनेटरमध्यें आहे. बहुधा झिजलेले कार्बन ब्रश फिरत्या भागाला टेंकेनासे झालेले असतात. दिवा लागला नाहीं, तर बल्ब जळला आहे, फ्यूज उडाला आहे किंवा तार तुटली आहे. पांच मिनिटांच्या या प्रयोगानें हजारों रुपयांचा आल्टरनेटर बदलावा कीं थोड्या पैशांचा बल्ब, याचा निकाल लागतो. सावधगिरी एकच: आल्टरनेटरवर एक जाड तारहि असते, आणि ती बॅटरीशीं थेट जोडलेली असते. ती चुकून सांगाड्याला लागली तर ठिणग्यांचा लोळ उठतो आणि आग लागण्याचा संभव असतो. बारीक व जाड यांतील फरक ओळखतां येत नसेल, त्यानें हा प्रयोग जाणकारावर सोंपवावा.

कधीं कधीं दिवा धड पेटतहि नाहीं आणि धड विझतहि नाहीं. रात्रीं अंधारांत तेवढी एक मंद लाली दिसते. ही लाली पुष्कळ कांहीं सांगून जाते. आल्टरनेटर मुळांत उलटसुलट वाहणारी वीज उत्पन्न करतो, आणि डायोड नांवाचीं एकमार्गी दारें तिला एका दिशेचें वळण लावतात. यांतील एखादें दार नादुरुस्त झालें, किंवा जाड तारेच्या टोकाशीं गंज चढून वाट अडली, म्हणजे दोन्ही हौदांच्या पातळ्या पूर्णपणें सारख्या होत नाहींत. थोडा फरक राहतो, आणि त्या फरकापुरता दिवा मिणमिणतो. पुढचे दिवे लावल्यावर लाली वाढत असेल, तर गंजलेलीं टोकें आधीं घांसून स्वच्छ करावीं, आणि मगच आल्टरनेटर उघडावा. किल्ली काढून घेतल्यावरहि दिवा मंद जळत राहिला, तर एक दार कायमचें उघडें पडलें आहे व त्यांतून बॅटरी रात्रभर गळते आहे असें समजावें. अशी गाडी सकाळीं सुरू होत नाहीं, आणि दोष मात्र बिचाऱ्या बॅटरीवर येतो.

येथें एका जुन्या वाईट खोडीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. एंजिन चालू असतां बॅटरीची तार काढावयाची, आणि एंजिन बंद पडलें नाहीं तर आल्टरनेटर चांगला, असें ठरवावयाचें, ही रीत कांहीं दुरुस्तीच्या दुकानांत अद्यापि आढळते. ती जुन्या डायनॅमोच्या काळची आहे. १९६० सालच्या क्रायस्लर व्हॅलिअंट गाडीपासून आल्टरनेटरचा प्रसार वाढत गेला. डायनॅमो मागें पडला, पण ही रीत मागें राहिली. बॅटरी ही विजेच्या दाबाचे हेलकावे शोषून घेणारी उशी आहे. ती एकाएकीं काढली तर दाब क्षणार्धांत अनेक पटींनीं उसळतो आणि डायोड व गाडींतील नाजुक उपकरणें जाळून टाकतो. शिवाय जें डीझेल एंजिन विजेवांचूनच चालतें, तें तार काढल्यावर बंद पडलें नाहीं, यानें काय सिद्ध होतें? कांहींच नाहीं.

अलीकडच्या गाड्यांत परिस्थिति बरीच पालटली आहे. १९९७ सालीं आल्फा रोमिओ १५६ या गाडींत कॉमन रेल नांवाची पद्धत आली, आणि तेव्हांपासून डीझेलचा फवाराहि विजेच्या हुकमतीखालीं गेला. भारतांत १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हीं मानकें लागू झालीं. त्यांतील डीझेल गाड्या संगणकावांचून चालूंच शकत नाहींत. अशा गाडींत वीज आटली कीं एंजिनहि बंद पडतें. डॅशबोर्डवरील दिवाहि तेथें संगणकच लावतो व विझवितो. म्हणून तार काढून लोखंडाला टेंकविण्याचा वरील प्रयोग तेथें मुळींच करूं नये. त्याऐवजीं संकेतांक वाचणारें यंत्र जोडतात. परंतु संकेतांक म्हणजे निकाल नव्हे. 'पी ०५६२' असा आंकडा आला, तर त्याचा अर्थ गाडींतील विजेचा दाब कमी आहे, इतकाच. दाब पट्ट्यामुळें घटला, ब्रशामुळें कीं गंजलेल्या अर्थच्या पट्टीमुळें, हें तो आंकडा सांगत नाहीं. कांहीं नव्या गाड्या तर इंधन वांचविण्यासाठीं भरण्याचा दाब मुद्दाम खालींवर करतात; तेव्हां मीटरवरील एकाच क्षणाच्या आंकड्यावरून अनुमान न काढतां, पुढचे दिवे लावून कांहीं मिनिटें त्याची चाल पहावी. पट्टा डोळ्यांनीं पाहणें आणि दाब मीटरनें मोजणें, हीं दोन कामें मात्र नव्या गाडींतहि चुकलेलीं नाहींत.

त्याच फळीवर तेलाच्या झारीचें चित्र असलेला दुसरा एक तांबडा दिवा असतो. तोहि खरा कीं खोटा हें तपासतां येतें. पण त्याचा नियम अधिक कडक आहे. तेलाचा दाब गेला असेल, तर एंजिनाचे फिरते भाग थोड्याच अवधींत एकमेकांस धरून बसतात. म्हणून तो लागतांच एंजिन ताबडतोब बंद करावें, तेलाची पातळी पहावी, आणि डीझेल मिसळून तेल पातळ व वाढलेलें दिसतें काय, त्याला डीझेलचा वास येतो काय, हेंहि पहावें. तेल भरपूर आहे एवढ्यावरून दिवा खोटा ठरत नाहीं. दाबमापक जोडून प्रत्यक्ष दाब मोजल्यावरच तसें म्हणतां येतें. बॅटरीच्या दिव्याशीं चार शब्द बोलावयास तरी सवड असते. या दिव्याशीं ती नसते.

आतां पुन्हा घोटीच्या रस्त्यावरील मालमोटारीकडे वळावें. क्लीनरनें दुसऱ्यांदा दिवा दाखविला आणि उस्तादानें कुरकुरत कां होईना, एका धाब्यासमोरच्या उजेडांत गाडी थांबविली, असें समजावें. झांकण उघडतांच आल्टरनेटरच्या चाकावर पट्ट्याचा मागमूस दिसत नाहीं. खालीं लोखंडाला त्याची एक चिंधी तेवढी लोंबत आहे. आसनाखालीं ठेवलेला जादा पट्टा काढून, एंजिन निवूं देऊन, तो चढविण्यांत तास-दीड तास मोडतो. वाशीला गाडी उशिरां पोंचते आणि टमाट्यांना शेरामागें कांहीं पैसे कमी येतात. नुकसान म्हणावयाचें तर तें एवढेंच; घाटाच्या पहिल्या वळणावर पाय पेडलवर पडला, तेव्हां ब्रेक नेहमींसारखा हलका लागला.